लाल डबी, निळी डबी आणि खाकी कव्हरवरच्या सोळा जोड्या

शिंगाडा_तलाव (धागाकर्ता)

बाबा आता कायमचे नाशिकला गेलेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावचं घर विकायला काढलंय, आणि बेसमेंट आवरायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात आलंय. मखराचं थर्माकोल, बिनझाकणाचं पुरणयंत्र आणि मंडळाच्या पंधरा वर्षांच्या स्मरणिका बाजूला केल्यावर खाली एक खोकं सापडलं. त्यात तोशिबाचा एचडी-ए२ प्लेअर, सात लाल डब्या आणि घडी घातलेलं एक खाकी कव्हर. कव्हरवर काळ्या मार्करने, माझ्याच अक्षरात, आकडे-अक्षरांच्या सोळा जोड्या. सुरुवात ०९, एफ९ अशी. पुढच्या लिहीत नाही, अ‍ॅडमिन उगाच घाबरायचे.

ज्यांना हे युद्ध माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००६ मध्ये साध्या डीव्हीडीनंतर पुढे काय, यावरून दोन तट पडले. एकीकडे तोशिबा आणि एनईसी यांची एचडी डीव्हीडी, तिची डबी लाल. दुसरीकडे सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स वगैरेंची ब्लू-रे, तिची डबी निळी. लेझर दोघांचाही निळा-जांभळा, चकती दोघांचीही १२ सेंटीमीटरची, पण एकाची चकती दुसऱ्याच्या प्लेअरमध्ये चालायची नाही. स्टुडिओही वाटले गेले. युनिव्हर्सल फक्त लाल. डिस्ने, फॉक्स आणि सोनीचे स्वतःचे चित्रपट फक्त निळे. वॉर्नर दोन्ही दगडांवर पाय ठेवून. पॅरामाउंट आधी दोन्हीकडे होती, ती ऑगस्ट २००७ मध्ये अचानक पूर्ण लाल झाली. त्यासाठी पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशन मिळून पंधरा कोटी डॉलरचं आमिष होतं, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं.

आमच्या बाबांचं खरेदीचं तत्त्व एकच, भाव पडू द्यायचा. तोशिबाचा पहिला प्लेअर एप्रिल २००६ मध्ये ५०० डॉलरला आला तेव्हा ते हसले. सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर जूनमध्ये १,००० डॉलरला आला तेव्हा तर आईला बोलावून जाहिरात दाखवली. मग २ नोव्हेंबर २००७ ला वॉलमार्टने एचडी-ए२ चा भाव ९८ डॉलर ८७ सेंट लावला. आठला विक्री सुरू होणार होती, बाबा सहाला थर्मासमध्ये चहा घेऊन रांगेत. खोकं घरी आणल्यावर आईने हळदकुंकू लावलं. वर पाच चित्रपट पोस्टाने फुकट येणार होते.

ते आले जानेवारीत. म्हणजे ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने ‘यापुढे फक्त ब्लू-रे’ असं जाहीर केल्यानंतरच्या आठवड्यात. लास वेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनाच्या तोंडावर ही बातमी फुटली आणि एचडी डीव्हीडीवाल्यांनी तिथली आपली पत्रकार परिषदच रद्द केली. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय, वॉलमार्ट एकेक करून ब्लू-रेकडे गेले आणि १९ तारखेला तोशिबाने हात वर केले. तारीख पाठ आहे कारण त्या दिवशी शिवजयंती. त्या शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमात पोवाडा चालू असताना मागच्या रांगेतले काका बाबांना विचारत होते, “काय मग, तह झाला की गड दिला?”

आता कव्हर. हे आधीचं, मे २००७ चं. मी दहावीत होतो (तिकडची दहावी, बोर्डाची धास्ती नसलेली). पुस्तकं शाळेची असतात आणि वर्षाअखेर परत द्यायची, म्हणून त्यांना कव्हर घालणं सक्तीचं. सगळी मुलं किराणा दुकानाच्या खाकी पिशव्या कापून घालायची. हे कळल्यावर आईला कोण आनंद झाला, अमेरिकेत खाकी कागद फुकट मिळतो म्हणून.

शाळेचे नियम असे: ओळखपत्र गळ्यात, खिशात नाही. तासाला वर्गाबाहेर जायचं तर पास. फोन लॉकरमध्ये आणि बंद. टोपी नाही, हुड नाही. सीडी प्लेअर, आयपॉड, काहीही दिसलं की जप्त, पालकांनी येऊन न्यायचं. १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारानंतर बहुतेक शाळांत हे असंच आलं. त्यात १६ एप्रिलला व्हर्जिनिया टेकचा गोळीबार झाला. त्यात मुंबईची एक विद्यार्थिनीही गेली. पुढचे काही आठवडे शाळेत सगळे श्वास रोखून चालायचे.

आणि नेमकं दोन आठवड्यांनी हे सोळा जोड्यांचं प्रकरण पेटलं. लाल आणि निळ्या दोन्ही चकत्यांवर एएसीएस नावाचं एकच कुलूप होतं. डिसेंबर २००६ मध्ये एका हौशी प्रोग्रामरने ते पहिल्यांदा किलकिलं केलं. का, तर रीतसर विकत घेतलेली एचडी डीव्हीडी त्याच्या मॉनिटरवर लागेना. फेब्रुवारीत दुसऱ्या कोणीतरी एक किल्ली शोधली, ती म्हणजे या सोळा जोड्या. कुलूपवाल्यांनी संकेतस्थळांना नोटिसा पाठवल्या, वाचकच दुवे टाकायचे अशा डिग नावाच्या साइटने मजकूर उडवायला सुरुवात केली, आणि १ मेच्या रात्री वाचकांनी पहिलं पान त्या आकड्यांनीच भरून टाकलं. शेवटी डिगने माघार घेतली. दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गात निम्म्या पोरांच्या वह्यांवर ते आकडे. मी इतिहासाच्या पुस्तकावर लिहिले, कारण तेच सगळ्यात मोठं होतं.

कॉरिडॉरमधल्या सुरक्षारक्षकाने विचारलं, “हा कसला कोड?” मी खरं सांगितलं. तिथेच चुकलं. ‘कोड’, ‘किल्ली’, ‘बंदी आहे’ एवढे तीन शब्द त्याने ऐकले. उपमुख्याध्यापकांच्या खोलीत दप्तर टेबलावर उलटं केलं गेलं. डब्यातलं थालीपीठ हुंगून झालं. मग कंपासपेटी उघडली आणि त्यात नाशिकहून आणलेलं कर्कटक निघालं. दोन्ही टोकं अणकुचीदार. कोड बाजूला राहिला, ‘टोकदार वस्तू’ म्हणून नोंद झाली. जर्सी सिटीहून बाबा काम सोडून आले. त्यांनी उपमुख्याध्यापकांना कोन दुभागणं कागदावर करून दाखवलं. एक दिवस डिटेन्शन. कर्कटक परत मिळालं नाही.

चार वर्षांत गांजा विकणाऱ्या ज्या दोघांना सगळी शाळा ओळखत होती, त्यांचं दप्तर कधी उलटं झालेलं मी पाहिलं नाही. चकतीच्या कुलपाचंही तेच. चोरून उतरवणाऱ्याला ते अडवायचं नाही, पैसे देऊन आणणाऱ्याच्या टीव्हीवर मात्र ‘ही डिस्क चालू शकत नाही’. तुमचे अनुभव सांगा. दोन्हीतले.

---

काडीपेटी

पहिला! कर्कटकाला श्रद्धांजली.

---

चारशेपाच_नॅनो

मस्त लिहिलंयस. पण ‘लेझर दोघांचाही निळा’ म्हणून पुढे पळालास, आणि खरी गंमत तिथेच आहे. मी ऑप्टिक्समध्ये नोकरी केलीय, त्यामुळे सहन करा.

सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५०, या दोघींचा ४०५. तरंगलांबी जितकी कमी तितका प्रकाशाचा ठिपका बारीक, तितके खड्डे दाटीने बसवता येतात. असा लेझर टिकाऊ बनवणं अनेक वर्षं कोणाला जमत नव्हतं. नाकामुरांनी जपानच्या निचिया कंपनीत नव्वदच्या दशकात ते जमवलं. २०१४ चं नोबेल त्यांना, अकासाकींना आणि अमानोंना मिळालं ते निळ्या एलईडीसाठी, पण घराणं तेच.

मात्र ठिपका फक्त रंगावर ठरत नाही, भिंगावरही ठरतो. डीव्हीडीच्या भिंगाचं न्यूमरिकल अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश एकवटायची ताकद, ०.६०. एचडी डीव्हीडीवाल्यांनी ते ०.६५ केलं, म्हणजे जुन्याला चिकटूनच राहिले. ब्लू-रेवाल्यांनी थेट ०.८५ वर उडी मारली. म्हणून एका थरात ब्लू-रे २५ जीबी आणि एचडी डीव्हीडी १५. दोन थरांत ५० आणि ३०.

उडीची किंमतही होती. भिंग असं ताकदवान केलं की चकती जराशी तिरकी फिरली तरी ठिपका विस्कटतो. त्यावर उपाय एकच, माहितीचा थर पृष्ठभागाच्या जवळ आणायचा. डीव्हीडीत आणि एचडी डीव्हीडीत त्यावर ०.६ मिलिमीटरचं आवरण, ब्लू-रेत फक्त ०.१. म्हणजे नखाचा ओरखडाही आत पोचणार. म्हणूनच सोनीच्या २००३ च्या जपानी रेकॉर्डरमधली चकती प्लॅस्टिकच्या डबीत बंद असायची, जुन्या फ्लॉपीसारखी. नंतर टीडीकेने कडक लेप शोधला आणि डबी गेली. तो लेप नसता तर आज आपण वेगळ्या रंगाच्या डब्यांबद्दल बोलत असतो.

तोशिबाचा मुद्दाही वेडगळ नव्हता. ०.६ चे दोन तुकडे चिकटवायची पद्धत डीव्हीडीचीच, त्यामुळे कारखान्यात थोडे फेरफार केले की काम सुरू. ब्लू-रेला सगळं नवं लागायचं. आणि सुरुवातीच्या ब्लू-रे चित्रपटांचं चित्र खरोखर खराब होतं. चित्र दाबून साठवायचं जुनं एमपेग-२ तंत्र आणि एकच थर वापरायचे. पहिल्या वर्षी शेजारीशेजारी लावून बघितलं तर लाल सरस होती. ब्लू-रे चांगला म्हणून जिंकला असं नाही, मोठा होता म्हणून त्याला सुधारायला जागा राहिली.

---

अण्णा_लायब्ररीवाले

कोल्हापूरकडनं रामराम. आमच्याकडं हे लाल-निळं काय पोचलंच न्हाई. ९८ ते २०११ माझी शाहूपुरीत सीडी लायब्ररी होती, त्याच्या आधी थोरल्या भावाची कॅसेटची. २००७ ला पेपरात वाचलं की अमेरिकेत दोन कंपन्या भांडायल्यात, आन् हिकडं गिऱ्हाईक अजून विचारतंय, “अण्णा, दोन सीडीत आहे का तीन सीडीत?” व्हीसीडीत चौऱ्याहत्तर मिनिटं मावायची. इंटरव्हल कुठं पडंल ते चकती ठरवायची, डायरेक्टर न्हाई.

तुम्ही कुलपाचं लिवलं म्हणून सांगतो. आमच्या धंद्यात कुलूप नव्हतंच. शुक्रवारी पिक्चर लागला की शनिवारी एसटी स्टँडाबाहेर वीस-तीस रुपयाला नकली. कंपनीची खरी सीडी शंभराच्या वर. धाडी पडायच्या, दोन दिवस सामसूम, तिसऱ्या दिवशी टोपली परत. मग २००७ च्या आसपास मोझर बेअर आली. व्हीसीडी अठ्ठावीस रुपये, डीव्हीडी चौतीस. खरी, छापील वेष्टनात. किराणा दुकानात बिस्किटाशेजारी टांगलेली असायची. नकलीवाल्यांची टोपली रोडावली ती तेव्हा, पोलिसांना जे जमलं न्हाई ते भावानं केलं. माझीबी लायब्ररी त्यातच गेली, कारण चौतीसला विकत मिळाल्यावर दहा रुपये भाड्याला कोण येणार. त्या कंपनीचंबी पुढं दिवाळं वाजलं, ती गोष्ट निराळी.

शाळेच्या बंदोबस्ताचं म्हणाल तर आमच्यात शिपाईमामा आन् त्यांची पितळी घंटा. झडती म्हणजे दहावीच्या पेपराला भरारी पथक. तेबी मोजे काढायला लावायचं आन् कॉपी कंपासपेटीच्या झाकणात असायची.

---

काडीपेटी

अण्णांनी धागाकर्त्याचा सगळा निबंध एका परिच्छेदात संपवला. +१

---

मोगरा_आणि_मेपल

लेख आवडला, थालीपीठ हुंगणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहिला. पण एक गोष्ट खटकली.

मी न्यू जर्सीतच हायस्कूलमध्ये बदली शिक्षिका म्हणून जाते. इथे आता कायद्याने महिन्याला एक आगीची कवायत आणि एक सुरक्षेची कवायत घ्यावी लागते. दिवे बंद, दाराला कुलूप, काचेवर कागद, सगळ्यांनी खिडकीपासून लांब भिंतीला टेकून बसायचं, चकार शब्द नाही. पंधरा-सोळा वर्षांची धिप्पाड पोरं मांडी घालून बसलेली असतात आणि बाहेरून कोणीतरी दाराची कडी हलवून बघतं. कवायत आहे हे माहीत असूनही पोटात गोळा येतो. माझी धाकटी बालवाडीत असताना घरी येऊन म्हणाली होती, “आज आम्ही उंदीर-उंदीर खेळलो, सगळ्यात शांत कोण बसतं ते.” तो खेळ काय होता ते मी तिला सांगितलं नाही. २०१९ च्या कायद्यानंतर सरकारी शाळांत आवाज न करणारी धोक्याची बटणंही आलीत.

तेव्हा चित्रपटाच्या चकतीचं कुलूप आणि शाळेचं कुलूप तू एकाच तराजूत घातलंस ते पटलं नाही. चकतीचं फुटलं तर कोणाचे तरी पैसे बुडतात. तुझं कर्कटक गेलं याचं वाईट वाटतं, पण त्या एप्रिलनंतर त्या रक्षकाच्या जागी मी असते तर मीही थांबवलं असतं. फक्त थालीपीठ हुंगलं नसतं.

---

पायरीचा_दगड

> “दप्तर टेबलावर उलटं केलं गेलं”

यावर कायद्याची बाजू. शाळा करू शकते का? करू शकते. आणि तो निकाल न्यू जर्सीतूनच आलाय, तुमच्या एडिसनच्या शेजारच्या पिस्कॅटवेमधून.

१९८० मध्ये तिथल्या हायस्कूलच्या स्वच्छतागृहात दोन मुली सिगारेट ओढताना शिक्षिकेला दिसल्या. एक कबूल झाली, दुसरी, चौदा वर्षांची, म्हणाली मी ओढतच नाही. सहायक उपमुख्याध्यापकांनी तिची पर्स उघडली. आधी सिगारेट निघाल्या. मग सिगारेट वळायचे कागद दिसले म्हणून आणखी खोल हात घातला, तर गांजा, पाइप आणि कोणाकडून किती पैसे यायचेत त्याची यादी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मुलगी अल्पवयीन म्हणून नाव फक्त आद्याक्षरांत, ‘टी. एल. ओ.’. १९८५ मध्ये सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला: झडतीविरुद्धचं संरक्षण विद्यार्थ्यांनाही आहे, पण शाळेला वॉरंट लागत नाही, पोलिसांइतका सबळ आधारही लागत नाही. वाजवी शंका पुरे.

आता ‘वाजवी’ म्हणजे किती, यावर पुढची चाळीस वर्षं वकिलांची पोटं भरली. १९९५ मध्ये खेळाडू विद्यार्थ्यांची लघवी तपासायला न्यायालयाने मान्यता दिली, २००२ मध्ये शाळेच्या इतर स्पर्धांत उतरणाऱ्यांचीही. शेवटी २००९ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या प्रकरणात लगाम लागला. तेरा वर्षांच्या मुलीला अंतर्वस्त्रांपर्यंत तपासलं होतं, कशासाठी, तर आयबुप्रोफेनच्या गोळ्यांसाठी. न्यायालय म्हणालं, ही झडती घटनाबाह्य. पण ज्यांनी घेतली त्यांना वैयक्तिक जबाबदारीतून सोडलं.

धागाकर्त्याच्या बाबतीत सोळा जोड्यांवरून शंका येणं वाजवी होतं का? माझ्या मते कव्हर बघण्यापुरती होती, कंपासपेटीपर्यंत नव्हती. पण २००७ च्या मेमध्ये कुठलाही न्यायाधीश तुझ्या बाजूने उभा राहिला असता असं वाटत नाही.

---

सातची_लोकल

न्यूयॉर्कवाल्यांनी हजेरी लावायला हवी. आमच्याकडे शहरातल्या सगळ्या सरकारी शाळांत फोनला बंदी होती, महापौर ब्लूमबर्गच्या काळात २००६ पासून फार कडक. पण पकडला जायचा कोण? ज्या शाळांच्या दारात धातुशोधक यंत्र होतं तिथली मुलं. बाकीच्या शाळांत फोन खिशात ठेवा, दिसू देऊ नका, इतकंच. आणि यंत्रं कुठल्या शाळांत, तर गरीब वस्त्यांतल्या.

मग धंदा सुरू झाला. शाळेबाहेर सकाळी टेम्पो उभा राहायचा. दिवसाला एक डॉलर द्यायचा, फोन पाकिटात, हातात टोकन. देवळाबाहेर चपला ठेवतो तसं. काही मुलं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ठेवायची. आठवड्याचे पाच डॉलर, जेवणाच्या पैशांतून. मार्च २०१५ मध्ये बंदी उठली आणि टेम्पो गेले. गंमत म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरपासून न्यूयॉर्क राज्याने पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत पुन्हा बंदी आणलीय. या वेळी कारण लक्ष विचलित होण्याचं, आणि माझ्या पोराच्या शाळेत मी स्वतः पालकसभेत तिच्या बाजूने हात वर केला. माणूस बदलतो.

---

ढब्बू_मिरची

एक बाळबोध प्रश्न. ही डिस्क लॅपटॉपला कुठे घालायची? माझ्या लॅपटॉपला तसलं भोकच नाही.

---

काडीपेटी

@ढब्बू_मिरची धाग्यातला सर्वात क्रूर प्रतिसाद.

---

सिंहगड_एक्सप्रेस

अवांतर नाही, अनुभव विचारलाय म्हणून. २००९ मध्ये भाऊ बोस्टनहून येताना पाच ब्लू-रे घेऊन आला. मी इथे पुण्यात हौसेने प्लेअर घेतलेला. पाचपैकी तीन लागेनात. डीव्हीडीच्या वेळी भारत पाचव्या विभागात होता हे ठाऊक होतं, पण ब्लू-रेने जगाचे ए, बी, सी असे नवे तुकडे पाडलेत हे ध्यानात आलं नव्हतं. अमेरिका ए, आपण सी, चीन आणि रशियाबरोबर. आणि तुझ्या त्या हरलेल्या लाल डबीला विभागाचं कुलूप नव्हतंच! सगळ्या जगात कुठेही चालायची. मग जिंकली कोण? जिच्यावर कुलपं जास्त ती. ब्लू-रेवर एएसीएसच्या वर बीडी प्लस नावाचं आणखी एक होतं, फॉक्सला तेच हवं होतं. २००७ च्या जुलैमध्ये एक विश्लेषक म्हणाला होता, हे दहा वर्षं फुटणार नाही. मार्च २००८ मध्ये फोडणारं सॉफ्टवेअर विकायला आलं.

माझ्या तीन चकत्या अजून पडून आहेत. त्यावर चहाचा कप ठेवतो.

---

चारशेपाच_नॅनो

@सिंहगड_एक्सप्रेस कुलपं जास्त म्हणून स्टुडिओ तिकडे गेले हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं प्लेस्टेशन ३. नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीने प्रत्येक यंत्रात ब्लू-रे घातला. ५०० आणि ६०० डॉलरला विकायचे आणि आतल्या भागांचाच खर्च ८०० च्या वर, असा तेव्हाचा अंदाज होता. प्रत्येक विक्रीत तोटा. निळ्या लेझरच्या टंचाईमुळे युरोपला तर मार्च २००७ पर्यंत थांबावं लागलं. पण लोकांनी खेळायला म्हणून यंत्र घेतलं आणि घराघरांत नकळत ब्लू-रे जाऊन बसला. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी एचडी डीव्हीडीचा वेगळा डबा २०० डॉलरला काढला. वेगळा डबा कोण घेतो? धागाकर्त्याच्या बाबांनी रांगेत उभं राहून एक प्लेअर घेतला, इकडे पोरांनी हट्टाने दहा प्लेस्टेशन घ्यायला लावले. हिशोब तिथे संपला.

---

शिंगाडा_तलाव

सगळ्यांचे आभार, एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती.

@मोगरा_आणि_मेपल, दोन दिवस विचार करत होतो. उंदीर-उंदीरवर काय लिहावं कळेना. तुमचं बरोबर आहे, मी गल्लत केली. चकतीच्या कुलपाचा राग मी शाळेवर काढला, किंवा उलट. आता आठवतं तेव्हा लक्षात येतं की तो रक्षक घाबरलेला होता. हाताला घाम होता त्याच्या, कव्हरवर बोटांचे डाग आहेत अजून. सोळा वर्षांच्या मला ते दिसलं नव्हतं.

पण एक तक्रार शिल्लक राहते. कोलंबाइनमध्ये कॅमेरे होते आणि सशस्त्र पोलिसही होता. पार्कलंडच्या गोळीबारानंतर २०१८ मध्ये तिथल्या मुलांना आरपार दिसणारी प्लॅस्टिकची दप्तरं दिली, पुढच्या शैक्षणिक वर्षापासून ती बंद झाली. भीती खरी आहे हे मान्य. भीतीपोटी जे हाताला लागतं ते जप्त करायचं, याला मात्र अजून उत्तर सापडलेलं नाही. कर्कटकाबद्दलचा राग मी राखून ठेवतोय.

@पायरीचा_दगड, पिस्कॅटवेची गोष्ट माहीत नव्हती! त्या शाळेसमोरून दर रविवारी बालविहारला जायचो.

@अण्णा, दंडवत.

---

अण्णा_लायब्ररीवाले

ते राहू द्या. प्लेअर चालतोय का ते सांगा की.

---

शिंगाडा_तलाव

काल रात्री लावून बघितला. सुरू व्हायला इतका वेळ घेतो की मधे चहा ठेवून आलो. सातपैकी चार डिस्क नीट लागल्या. दोन अर्ध्यावर जाऊन थिजल्या, एक ओळखतच नाही. खालून बघितलं तर ओरखडा एकही नाही, आरशासारखी स्वच्छ.

---

चारशेपाच_नॅनो

ओरखडा नाहीच दिसणार. दोन तुकडे चिकटवताना आत दोष राहिला की धातूचा थर आतून सडतो. एचडी डीव्हीडी जमवणारे लोक हेच रडगाणं गातात, विशेषतः वॉर्नरच्या चकत्यांबद्दल. तोशिबाने २००९ मध्ये ब्लू-रेच्या संघटनेतच प्रवेश घेतला, तेव्हा तक्रार कुठे करणार? ज्या चार चालतात त्या लवकर बघून घे.

---

सातची_लोकल

आणि कव्हरचं काय करणार?

---

शिंगाडा_तलाव

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. आकड्यांकडे तिने बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, “कडा बघ कशा सरळ आहेत अजून. पट्टी लावून दुमडलं होतं मी.”

प्लेअर कोणाला हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पोस्टेज तुमचं.

---

अण्णा_लायब्ररीवाले

रिमोट हाय का? बिनरिमोटचा मी घेत न्हाई.